पाळण्याची कडी

डिंपल स्वयंपाकघरातून बाहेर आली, कमरेवर हात ठेवून माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "अंकल, ग्यारह सीटी! मैं तो अपने आंगन में बैठके गिन रही थी. सो गए थे क्या?" मी झोपलो नव्हतो. कुकरपासून चार पावलांवर भिंतीला पाठ टेकून मी बाजेची नवार ताणत बसलो होतो, चांगला टकटकीत जागा. डिंपल ही शेजारची सून, रायपूरकडची, बोलताना समोर येऊन बोलते म्हणून मला आवडते. "हो बेटा, डोळा लागला," मी म्हटलं. ती गॅस बंद करून आलीच होती, चार शब्द सुनावून गेली. मी आत जाऊन कुकर उघडला. डाळीचा कोळसा झाला होता, आणि वास तर असा की साऱ्या कुडवा गावाला कळावं, केवलराम टेंभऱ्यानं आज पुन्हा स्वयंपाक केला. डाळ गेली तर गेली. दोन-तीन शिट्ट्या हुकल्या असत्या तर मी त्या पंख्याच्या नावावर टाकल्या असत्या. पण अकरातली एकही माझ्यापर्यंत आली नव्हती. मी ओट्याला टेकून उभा राहिलो. रविवारी माझी लेक प्राची यायची होती.

तसं मला ठाऊक नव्हतं असं नाही. एकतीस वर्षं राइस मिलमध्ये मिस्त्री होतो. तिथं चौदा-चौदा तास मशिनीच्या पोटात काढायचे, धान वर नेणारा पट्टा डोक्याशी आणि पॉलिशर ढुंगणाशी. त्या घरघराटात कोणी तोंडानं बोलत नाही. दोन बोटं वर केली की पट्टा ढिला, मूठ फिरवली की बंद कर, छातीवर थाप मारली की मालक आला. आणि ओठ वाचायचे. भोजराज नावाचा माझा जोडीदार वीस फुटांवरून आईवरून शिवी द्यायचा आणि मी तिथूनच त्याच्या बापापर्यंत जायचो. मशीन बिघडली का हे कानानं ऐकायचं नसतंच. बेअरिंगच्या डब्यावर तळहात ठेवायचा. चांगलं बेअरिंग हातात गुणगुणते, जायला आलेलं खरखरते, वाळू चोळावी तसं. माझ्या हाताला जे कळायचं ते इंजिनीअर लोकांना यंत्र लावून कळत नव्हतं, हे मी फुशारकी म्हणून सांगत नाही, फुशारकी म्हणूनच सांगतो. तर अशा माणसाचे कान कधी गेले हे त्याला कसं कळावं? आधी चिमण्या गेल्या. मला वाटलं, मोबाइलच्या टॉवरनं मेल्या, पेपरात तसंच आलं होतं. मग बांगड्या गेल्या. पुरुषाचा आवाज, ट्रॅक्टर, ढोल हे अजून येतात, जाड जाड सगळं येते. बारीक आवाज तेवढा येत नाही. आणि मी कोणाला सांगितलं नाही, कारण मिलमध्ये ज्याचे कान गेले त्याला पोती उचलायला टाकतात, मिस्त्री ठेवत नाहीत. मिल सुटून तीन वर्षं झाली तरी सवय सुटली नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. फक्त माझ्या बायकोला, दुर्पताला, ठाऊक होतं. ती मला हाक मारायची तर जमिनीवर पाय आपटायची. लोकांना वाटायचं, बाई तापट आहे.

दुर्पताला जाऊन अकरा वर्षं झाली. कावीळ झाली, आठ दिवसांत गेली. प्राची तेव्हा चौदा वर्षांची होती. मी तिला वाढवली असं लोक म्हणतात, पण खरं सांगू का, ती आपली आपण वाढली. शाळेतून यायची, दोन पोळ्या टाकायची, माझा डबा भरायची, आणि बोलायची कामापुरतं. मला वाटायचं, वयच तसं आहे. मग वाटलं, कॉलेज आहे. मग सडक अर्जुनीच्या नीलेशशी लग्न झालं, तेव्हा वाटलं, आता काय, परक्याचीच झाली. फोन करते आठवड्याला. "जेवले?" "हो." "गोळी घेतली?" "हो." फोनवर ओठ दिसत नाहीत, म्हणून मी सगळ्यालाच हो म्हणतो, आणि मग ती ठेवून देते. एकदा ती काहीतरी लांबलचक बोलली आणि मी दोनदा हो म्हटलं. नंतर नीलेशकडून कळलं की तिला तापानं दवाखान्यात ठेवलं होतं आणि ती विचारत होती, येता का? तो हो माझ्या छातीत अजून अडकून आहे. मी दुसऱ्या दिवशी गेलो, पण तिनं काही विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

आणि हीच पोट्टी दिवाळीत आली, माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "बाबा, मी बाळंतपणाले इथंच येईन म्हणतो." मी तिचे ओठ नीट पाहिले, पुन्हा विचारलं. ती म्हणाली, "पहिलं बाळंतपण माहेरीच राहते न जी." त्या दिवशी मी सायकल काढून उगीच रेल्वे फाटकापर्यंत जाऊन आलो, एवढा मला आनंद झाला. पण पुष्पाबाईंना, म्हणजे तिच्या सासूला, हे पसंत नव्हतं. त्यांचं म्हणणं काही खोटं नव्हतं. घरात बाईमाणूस नाही, शेक कोण देणार, न्हाऊ कोण घालणार, लेकरू रडलं तर कोण उचलणार? मी फोन नीलेशला द्यायला लावला, त्याचा आवाज जाड आहे, आणि सांगितलं की दवाखाना माझ्या घरून वीस मिनिटांवर आहे, न्हाऊ घालायला मोहल्ल्यातली बाई ठरवली आहे, बाकीचं मी पाहतो. शेवटी ठरलं असं की सातवा सरायच्या आत, कारण आठव्यात हलवत नाहीत, पुष्पाबाई स्वतः प्राचीला घेऊन येणार, घर पाहणार, पटलं तर तिला ठेवून जाणार, नाही तर त्याच गाडीत परत. म्हणजे मुलगी पाहायला येतात तसं माझं घर पाहायला येणार होत्या. आणि चार दिवस आधी अकरा शिट्ट्या.

पण घर मी असं केलं होतं की कोणाची टाप नव्हती बोट ठेवायची. आतल्या खोलीत गावाकडून आलेला वर्षाचा तांदूळ ठेवतो, नऊ पोती. दुर्पता गेल्यापासून ती खोली तांदळाचीच झाली होती. ती सगळी पोती मी एकट्यानं पडवीत आणली, खाली विटा लावल्या, निंबाचा पाला टाकला. खोलीला चुना दिला, दोन हात, आणि दुसरा हात देताना चुन्याचा तो ओला थंड वास नाकात गेला तेव्हा मला प्राचीच्या वेळची खोली आठवली, तेव्हा मातीची भिंत होती आणि दुर्पता बाजेवर पडून मला शिकवत होती, कोपऱ्यात राहिलं, तिथं राहिलं. आताही मी कोपऱ्यात पुन्हा एकदा ब्रश मारला. न्हाणीत पाइपाचा दांडा बसवला, बाळंतिणीला धरून उठायला, आणि त्यावर माझं सगळं वजन टाकून लोंबकळून पाहिलं. मग दुर्पताची पेटी उघडली. दुपटी, लंगोट जुन्या लुगड्याचेच मऊ लागतात, नवं कापड लेकराला टोचते. तीन लुगडी काढली. फाडताना कापड फाटल्याचा आवाज असतो, टर्रकन, तो मला आठवत होता, पण आला नाही. फक्त दोन्ही हातांत एक बारीक थरथर धावत गेली आणि लुगड्याचे दोन भाग झाले. मला वाटलं होतं रडू येईल. आलं नाही, उलट बरं वाटलं. मी टेप घेऊन लंगोट मापले, बारा इंच बाय बारा, तिरका कापला तर ताण नीट येतो, पट्ट्याच्या सांध्याला करतो तसं दुहेरी शिवलं. डिंपल ते पाहून पोट धरून हसली. "अंकल, ये बच्चे के हैं या ट्रक के?" हस म्हटलं. तीस लंगोट झाले आणि एकाचाही टाका सुटायचा नाही.

राहिला पाळणा. तो आमगावहून माझ्या साळ्याकडून आणला, सागवानी, जुना, दुर्पताच्या माहेरचा. टेम्पोत मी त्याच्याजवळ मागंच बसलो. छताच्या गर्डरला हूक, हुकात कडी, कडीत पाळण्याच्या चार लोखंडी छडा. कडी घासली होती, ती मी रेजमालाच्या खरखरीत कागदानं तासभर घोटली, आरशासारखी केली. तेल-ग्रीस मात्र लावलं नाही, मुद्दाम. कडी बरोबर लेकराच्या तोंडावर येते, उन्हानं ग्रीस पातळ झालं आणि थेंब डोळ्यात पडला तर? हे कोणाला सुचलं असतं? मला सुचलं. रिकामा पाळणा हलवत नाहीत, अपशकुन मानतात, आणि वजनाशिवाय काम तपासायचं नसते हे मिलनं शिकवलं होतं, तेव्हा मी त्यात वीस किलो तांदळाचं पोतडं ठेवलं, त्यावर दुपटं घातलं आणि दोरी ओढली. एक हात छडेवर ठेवला. पाळणा गेला, आला. हातात काही खरखर नाही, धक्का नाही. तासभर मी तांदळाला झोपवत बसलो. कुकरचं मनात होतंच. लेकरू इथं, माझी खाट तिथं, मध्ये सहा फूट. लेकराचं रडणं जाड असते की बारीक? प्राची कशी रडायची हे मी आठवून पाहिलं. तोंड आठवलं, लाल, उघडं, वरची हिरडी दिसणारी. आवाज आठवला नाही. मग मी स्वतःला समजावलं, मी झोपणारच नाही दिवसा, पाळण्यासमोर बसून राहीन, पाहत राहीन. डोळे काय कमी आहेत? पोट भरून समाधान झालं होतं, त्याला उगीच ठेच कशाला लावायची?

रविवारी अकराच्या सुमारास गाडी आली. नीलेश आधी उतरला, मग पुष्पाबाई, हिरवं लुगडं, हातात पिशवी, आणि मागून प्राची, एक हात कमरेवर ठेवून, हळूहळू. गालाला मांस आलं होतं, चालताना पाय फाकत होते, अगदी दुर्पतासारखे. मी पाणी दिलं, पायांवर पाणी घातलं. पुष्पाबाई बसल्याही नाहीत. "इवाईजी, आधी खोली पाहू," म्हणाल्या. आमच्याकडं व्याह्याला इवाई म्हणतात आणि विहिणीला इहीन. बाई मोठी उंच, बोलते तेव्हा ओठ चांगले हलतात, मला त्यांचं सगळं कळत होतं. त्यांनी भिंतीला हात लावला, चुना लागतो का पाहिलं. बाजेवर बसून नवार दाबली. न्हाणीतला दांडा ओढला आणि मान हलवली. लंगोट उलटे करून टाके पाहिले आणि तिथं मात्र त्यांना हसू आलं. "बाप्पा! हे तं तुमचा नातूही घालन आन् त्याचा नातूही घालन." प्राचीही हसली. तिनं एक दुपटं उचलून नाकाशी धरलं, आईचं लुगडं ओळखलं, आणि माझ्याकडं असं पाहिलं की मला वाटलं, जिंकलो.

"हे काय जी? पाळण्यात कोण झोपून राहिलं?" पुष्पाबाईंनी दुपटं वर केलं. मी तांदळाचं सांगितलं, वजन टाकून पाहिल्याचं सांगितलं, कडीचं सांगितलं, ग्रीस का नाही लावलं तेही सांगितलं. माझी छाती फुगली होती. "ओढून तं पाहा, इहीनबाई," मी म्हटलं. "कोणाच्या घरी इतका चूप पाळणा नसन." त्यांनी दोरी ओढली. पाळणा गेला. त्यांचे खांदे एकदम वर आले, दात आंबले की येतात तसे. प्राचीनं दोन्ही हातांनी कान झाकले. नीलेश बाहेरच्या खोलीतून धावत दारात आला, काय पडलं म्हणून पाहायला. पाळणा परत आला, आणि तिघांची तोंडं पुन्हा तशीच झाली. आणि मी तिथं उभा होतो, हसत. "पाहा," मी म्हणत होतो, "आहे काय आवाज?"

मी एकेकाकडं पाहिलं. कोरडं लोखंड कोरड्या लोखंडावर, घोटून घोटून आरसा केलेलं, वीस किलोच्या भारानं. ते कसं किंचाळत असेल हे मला आता कळलं. एखाद्या पोराला मी तशी कडी लावताना पाहिलं असतं तर कान धरला असता. आणि मी तासभर त्याच्यासमोर बसून होतो. डिंपलनं ऐकलं असेल, मोहल्ल्यानं ऐकलं असेल, म्हातारा काय करून राहिला म्हणून. पुष्पाबाई माझ्याकडं पाहत होत्या. मग त्याच म्हणाल्या, अगदी सरळ, "तेल नाही टाकलं न इवाईजी, म्हणून कुरकुरते. थोडं खोबऱ्याचं लावा, होऊन जाईन." दार उघडं होतं. हो म्हटलं असतं, वाटी आणली असती, बोटानं तेल लावलं असतं, संपलं असतं. हो म्हणायची माझ्या जिभेला चांगली सवय आहे. पण त्याच वेळी मला दिसलं की दुपट्याखाली तांदूळ नाही, लेकरू आहे, तोंड लाल झालं आहे, वरची हिरडी दिसते आहे, आणि मी जवळ उभा राहून हसतो आहे.

"मले ऐकूच नाही आलं," मी म्हटलं. "काय?" नीलेश म्हणाला. "हे. पाळणा. कुकरच्या अकरा शिट्ट्या झाल्या चार दिवसाआधी, त्याही नाही आल्या. मिलमध्ये कान गेले माहे. बारीक आवाज येतच नाही. तुम्ही बोलता ते मी ओठ पाहून समजतो." एकदा तोंड उघडलं तर सगळंच बाहेर पडलं, दवाखान्याच्या फोनचंही. "लेकरू रडलं तं मले समजन का नाही, मी नाही सांगू शकत. तुम्हाले सांगणार नव्हतो. आता सांगून टाकलं. न्यायचं असन तं घेऊन जा." पुष्पाबाईंनी तोंड नीलेशकडं वळवलं आणि त्याच्याशी बोलू लागल्या. पाठमोऱ्या. काय ठरत होतं ते मला दिसत नव्हतं. मी चुन्याच्या भिंतीकडं पाहत राहिलो. फार वाईट वाटलं. एवढी गोरी भिंत मी उगीच केली असं वाटलं.

कोणीतरी माझी बाही ओढली. प्राची होती. ती समोर येऊन उभी राहिली. "कधीपासून?" तिनं विचारलं. "लय वर्षं झाले." "लय म्हणजे किती?" तिचे ओठ थरथरत होते आणि मला नीट वाचता येईना. "तुही माय होती तेव्हाही असंच होतं," मी म्हटलं. "तिलेच ठाऊक होतं." प्राची बाजेवर बसली. पोटावर हात ठेवून तिनं खाली पाहिलं. मग मान वर करून, हळूहळू, एकेक शब्द दाखवत बोलली. "आई गेली तेव्हा मी शाळेतून येऊन रडत होती, बाबा. ह्याच खोलीत, तांदळाच्या पोत्यावर बसून. तुम्ही तिकडं खुर्चीवर असायचे. मी दार उघडं ठेवत होती. मुद्दाम. तुम्ही याल म्हणून."

"कधी?" मी विचारलं. माझा आवाज निघाला की नाही हे मला ठाऊक नाही. "रोज. पावसाळा सरेपर्यंत. मंग बंद केलं." तिनं पुन्हा माझ्याकडं पाहिलं. "मले वाटलं तुम्हाले ऐकू येते आन् तुम्ही येत नाही."

मला ती खुर्ची आठवली. पावसाळ्यात मिल बंद असायची, मी त्या खुर्चीवर बसून खिडकीबाहेर पाहायचो आणि म्हणायचो, पोट्टी बिचारी अभ्यास करते आत, किती चूप आहे घर. मी खाली बसलो, तिथंच, पाळण्याच्या दोरीजवळ. अशा वेळी जमीन फाटून पोटात घेते म्हणतात, पण घेत नाही. पण प्राचीचं तोंड मला कळेना. ती हसत होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती, बोर्डाचा निकाल लागला तेव्हा हसली होती तशी. तिनं सासूचा पदर ओढून तिला आपल्याकडं वळवलं. "आई, बाबाले ऐकूच नव्हतं आलं! ऐकूच नव्हतं आलं, जी! मी अकरा वर्षं..." पुढचं मला वाचता आलं नाही, कारण तिनं तोंड स्वतःच्या पदरात घातलं होतं.

मग पुष्पाबाईंनी हातातली पिशवी माझ्या खुंटीला अडकवली. माझ्यासमोर येऊन, वाकून, मोठं तोंड करून, लहान पोराला सांगावं तसं म्हणाल्या, "इवाईजी, प्राची इथंच राहीन. लेकरू झालं की मीबी राहीन सव्वा महिना. तुमी पाहाचं, मी ऐकीन. आन् उद्या नीलेशसंग जाऊन कानाची मशीन लावून घ्या, काऊन इतके वर्षं लावली नाही बाप्पा तुमी?" मी हो म्हटलं. या वेळी सगळं कळून म्हटलं. त्या तेलाची वाटी शोधायला स्वयंपाकघरात गेल्या, नीलेश गाडीतून बॅग आणायला गेला. प्राची बाजेवरच होती. पदर अजून तोंडावर होता, खांदे हलत होते, हसणं आता कुठं राहिलं होतं कोण जाणे. मला काही ऐकू येत नव्हतं. मी जमिनीला हात टेकून उठलो, चार पावलं गेलो आणि तिच्याजवळ बसलो. तिनं मला पाहून घाईघाईनं डोळे पुसायला घेतले.

"रड बाई," मी म्हटलं. "मी आलो."